पारशिवनीच्या डॉक्टरांचा ग्रंथपाल कोण?

नागपूर शहराला पिण्याचे पाणी मिळते ते मुख्यतः पेंच नदीवरील नवेगाव खैरीच्या जलाशयातून, आणि हा जलाशय आहे पारशिवनी तालुक्यात. शहराने या तालुक्याला मोबदल्यात काय दिले, हा प्रश्न सिंचन, रस्ते आणि रोजगार यांच्या संदर्भात अनेकदा विचारला जातो. एका गोष्टीचा हिशेब मात्र कोणी मागत नाही. नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४७ पासून आहे. इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६८ पासून चालू आहे. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे अध्यापन २०१८ मध्ये सुरू झाले. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था तर १९६९ मध्ये ग्रामीण भागासाठी डॉक्टर घडविण्याच्या हेतूनेच स्थापन झाली. या प्रत्येक संस्थेत ग्रंथालय आहे आणि त्यात ग्रंथपालही आहे. पारशिवनीचे ग्रामीण रुग्णालय नागपूरपासून चाळीसेक किलोमीटरवर आहे. तेथील वैद्यकीय अधिकाऱ्याला उपचाराविषयी एखादी शंका पडली, तर ती या ग्रंथालयांपैकी कोणापुढे मांडावी आणि कोणी तिचे उत्तर द्यावे, याची व्यवस्था नाही. पाण्यासाठी कालवा खोदला गेला. ज्ञानासाठी तो खोदावा असे कोणाला वाटले नाही.

शंका गावातली, उत्तर ग्रंथातले

ग्रामीण डॉक्टरला पडणाऱ्या शंका पुस्तकी नसतात. पावसाळा संपता संपता शेतातून किंवा जंगलाच्या कडेच्या गावातून एखादा रुग्ण सहा दिवसांचा ताप घेऊन येतो. मलेरियाची तपासणी नकारार्थी येते, डेंग्यूचीही येते. अशा वेळी काखेत किंवा जांघेत काळी खपली दिसते का, हे पाहण्याची आठवण डॉक्टरला झाली पाहिजे. कारण ती खपली स्क्रब टायफसची खूण असू शकते. हा रोग सूक्ष्म कीटकांच्या अळ्या चावल्याने होतो आणि वेळेवर ओळखला तर डॉक्सिसायक्लिन या स्वस्त औषधाने बहुधा बरा होतो. ओळखला नाही तर फुप्फुसे, मूत्रपिंडे व मेंदू यांवर आघात करून प्राण घेतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर परिसरात या रोगाची साथ आली आणि तिने अनेकांचे बळी घेतले. औषध दुर्मिळ नव्हते. दुर्मिळ होती ती योग्य वेळी होणारी आठवण.

अशा शंकांची यादी लांबविता येईल. सिकलसेल असलेली स्त्री गरोदर राहिली, तर तिला चालू असलेले हायड्रॉक्सियुरिया बंद करावे काय? सर्पदंशाच्या रुग्णाला प्रतिविषाची प्रतिक्रिया आली, तर पुढची मात्रा कशी द्यावी? यांची उत्तरे कोठे ना कोठे छापलेली आहेत. परंतु ज्याला ती हवी आहेत त्याच्यासमोर त्या घटकेला शंभर रुग्णांची रांग उभी असते.

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेंचच्या जंगलापलीकडील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या दूषित औषधाने वीसहून अधिक बालके दगावली. त्यांतील अनेकांवर नागपूरच्या रुग्णालयांत उपचार झाले होते. साध्या सर्दी-तापाची मुले मूत्रपिंडे निकामी होऊन येऊ लागली तेव्हा निरनिराळ्या संसर्गांची शंका प्रथम तपासली गेली. शेवटी औषधात डायएथिलिन ग्लायकॉल हे विष सापडले. या विषाचा इतिहास मात्र नवा नाही. १९३७ मध्ये अमेरिकेत त्याने शंभराहून अधिक लोकांचा बळी घेतला होता. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दूषित ग्लिसरॉलमुळे चौदा रुग्ण मरण पावले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. १९९८ मध्ये दिल्लीजवळच्या गुरगावात आणि २०२२ मध्ये आफ्रिकेतील गांबियात तोच प्रकार पुन्हा घडला. ग्रंथपाल असता तर छिंदवाड्याची मुले वाचली असती, असे म्हणणे बेजबाबदारपणाचे होईल. अपराध विष विकणाऱ्यांचा आणि तपासणीत हयगय करणाऱ्यांचा आहे. परंतु ज्या गोष्टी वैद्यकशास्त्राने एकदा मोठी किंमत देऊन शिकून घेतल्या, त्या ऐनवेळी आठवण्याची यंत्रणा समाजाजवळ असावी लागते, एवढा बोध या दुर्घटनेतून घेण्यास हरकत नाही. वैद्यकीय ग्रंथालय ही ती यंत्रणा होय.

शोधणे हेही शास्त्र

वैद्यकीय ग्रंथपालाचे काम नेमके कोणते, याविषयी आपल्याकडे फारच धूसर कल्पना आहेत. ग्रंथपाल म्हणजे कपाटांच्या किल्ल्या सांभाळणारा, पुस्तकांवर शिक्के मारणारा आणि उशिरा परत आलेल्या पुस्तकावर दंड आकारणारा कर्मचारी, ही समजूत महाविद्यालयांच्या आवारातही दृढ आहे. वस्तुतः आधुनिक वैद्यकाच्या उभारणीत या व्यवसायाचा वाटा मूलभूत आहे. जॉन शॉ बिलिंग्ज या अमेरिकन लष्करी शल्यचिकित्सकाने १८७९ मध्ये जगभरच्या वैद्यकीय लेखांची विषयवार सूची प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. तीच पुढे ‘इंडेक्स मेडिकस’ म्हणून प्रसिद्ध पावली. १९७१ मध्ये तिचे संगणकीय रूप ‘मेडलाइन’ या नावाने दूरस्थ वापरासाठी उपलब्ध झाले आणि १९९७ मध्ये ‘पबमेड’च्या रूपाने ती सूची सर्व जगाला विनामूल्य खुली झाली. आज तिच्यात साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत. एवढ्या महासागरात ज्याला बुडी मारता येते तोच मोती आणू शकतो. इतरांच्या हाती शिंपले लागतात.

प्रशिक्षित ग्रंथपाल प्रथम डॉक्टरच्या प्रश्नालाच आकार देतो. रुग्ण कोणत्या वयाचा व अवस्थेतला, कोणता उपचार विचाराधीन आहे, त्याची तुलना कशाशी करावयाची, आणि अपेक्षित परिणाम कोणता, अशी प्रश्नाची चार अंगे तो वेगळी करतो. मग प्रत्येक अंगासाठी सूचीत कोणते विषयशीर्षक वापरले आहे ते पाहतो. कारण एकाच रोगाला दहा लेखक दहा नावे देतात. हाती आलेल्या शेकडो लेखांतून तो एखाद्या रुग्णाची हकीकत वेगळी काढतो, नियंत्रित चाचणी वेगळी काढतो आणि अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा वेगळा काढतो. शेवटी डॉक्टरच्या टेबलावर येतात ती तीन-चार विश्वसनीय टिपणे. उपचाराचा निर्णय अर्थातच डॉक्टरचाच असतो. पण तो निर्णय अंधारात घ्यावयाचा की उजेडात, हे बऱ्याच अंशी या टिपणांवर ठरते.

याचा परिणाम मोजण्याचाही प्रयत्न झालेला आहे. अमेरिकेतील रॉचेस्टर परिसरातील रुग्णालयांत डॉक्टरांना आपल्या प्रत्यक्ष रुग्णासंबंधी एक प्रश्न ग्रंथालयाकडे पाठविण्यास सांगण्यात आले, आणि आलेल्या माहितीचा काय उपयोग झाला ते विचारण्यात आले. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत २०८ डॉक्टरांची उत्तरे होती. त्यांपैकी सुमारे ऐंशी टक्के डॉक्टरांनी सांगितले की, या माहितीमुळे आपण उपचारातील काही ना काही भाग निश्चितपणे किंवा बहुधा वेगळ्या रीतीने हाताळला. कोणी तपासण्या बदलल्या, कोणी औषध बदलले, कोणी रुग्णाला दिलेला सल्ला बदलला. डॉक्टरांनी स्वतःच दिलेली ही कबुली असल्याने तिला शास्त्रीय पुराव्याचा अखेरचा शब्द मानता येणार नाही. तरीही ती दुर्लक्षिण्याजोगी खासच नाही. त्याही आधी, १९७१ मध्ये, गर्ट्रूड लँब या ग्रंथपाल विदुषीने कॅन्सस सिटीच्या वैद्यकीय शिक्षणात ग्रंथपालाला वॉर्डातील फेरीत डॉक्टरांबरोबर नेण्याचा उपक्रम सुरू केला. खाटेपाशी निघालेला प्रश्न ग्रंथपालाने तेथेच टिपून घ्यावा आणि उत्तर घेऊन परत यावे, अशी ती पद्धत होती.

संशोधनाच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिकच गंभीर आहे. २००१ च्या जूनमध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स या विख्यात विद्यापीठात दम्यावरील एका प्रयोगासाठी हेक्झामेथोनियम हे औषध हुंगलेली एक निरोगी तरुण स्वयंसेविका मृत्युमुखी पडली. प्रयोगापूर्वी संशोधकाने ‘पबमेड’मध्ये शोध घेतला होता, परंतु त्या सूचीत तेव्हा मुख्यतः १९६६ नंतरचेच वाङ्मय होते. या औषधाने फुप्फुसांना होणाऱ्या इजेची वर्णने १९५० च्या दशकातील लेखांत होती. संगणकात नाही ते अस्तित्वातच नाही, हा आधुनिक अंधविश्वास किती महाग पडतो याचे हे उदाहरण होय. जुन्या छापील सूचीपर्यंत जाण्याची सवय असलेला ग्रंथपाल हा अशा ठिकाणी शोभेची वस्तू नसतो.

वैद्यकीय संशोधन हे केवळ मोठ्या प्रयोगशाळांचे काम आहे, असे मानण्याचे कारण नाही. नागपूरच्या शासकीय महाविद्यालयातून पदवी घेतलेले डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये आजच्या रायगड जिल्ह्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणातील लाल विंचवाच्या दंशाने माणसे कशी मरतात, हे त्यांनी खाटेशेजारी बसून टिपले. १९८२ मध्ये त्यांची निरीक्षणे ‘लॅन्सेट’मध्ये आली. पुढे रक्तदाबावरील प्राझोसिन या औषधाचा त्यांनी या दंशावर उपयोग केला आणि पूर्वी शंभरात तीस-चाळीसपर्यंत जाणारे मृत्यूंचे प्रमाण एकाच्या आसपास आणण्यात त्या उपचाराचा मोठा वाटा राहिला. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी नवजात बालकांच्या घरगुती शुश्रूषेचा प्रयोग ३९ गावांत केला; १९९९ मध्ये तोही ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला आणि देशाच्या धोरणापर्यंत पोहोचला. आडगावात राहून जगाला शिकविता येते, हे या मंडळींनी सिद्ध केले. परंतु आपले निरीक्षण नवे आहे की जुने, हे जाणण्यासाठी जगाने त्या विषयावर आधी काय लिहिले ते संशोधकाला पाहावेच लागते. असामान्य जिद्दीची माणसे त्यासाठी वाटेल ते कष्ट घेतात. प्रश्न आहे तो सर्वसामान्य वैद्यकीय अधिकाऱ्याचा. त्याच्या वहीतील नोंदींतही एखादे मौलिक निरीक्षण दडलेले असू शकते. ते वहीतच राहून जाते.

कोठार भरले, वाटप कोणी करावे?

केंद्र सरकारने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या योजनेला मंजुरी दिली आणि १ जानेवारी २०२५ पासून ती अमलात आली. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपयांची तरतूद, तीस आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके, आणि सहा हजार तीनशेहून अधिक शासकीय शिक्षणसंस्था व संशोधनसंस्था असा तिचा विस्तार आहे. योजना स्वागतार्ह आहे यात शंका नाही. यापूर्वीही २००७ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने ‘कॉक्रेन ग्रंथालया’तील उपचारविषयक आढावे देशातील सर्व नागरिकांना खुले करून दिले होते, आणि २००८ पासून दिल्लीच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाच्या पुढाकाराने निवडक संस्थांना विद्युत नियतकालिके मिळू लागली होती.

तथापि या ताज्या योजनेची चौकट उच्च शिक्षणसंस्था आणि संशोधनसंस्था यांची आहे. ग्रामीण रुग्णालय या दोहोंपैकी कशातच बसत नाही. म्हणजे जो विद्यार्थी नागपुरात शिकत असताना हजारो नियतकालिकांचा धनी असतो, तोच पदवी घेऊन पारशिवनीला रुजू झाला की दुसऱ्या दिवसापासून निर्धन होतो. वास्तविक संदर्भांची गरज त्याला आता खरी भासणार असते. कारण आता शेजारी प्राध्यापक नसतात. शिवाय महाविद्यालयांतही केवळ नियतकालिके आली म्हणजे ती वाचली गेली असे होत नाही. सरकार नियतकालिकांसाठी हजारो कोटी मोजते. ती वापरून दाखविणाऱ्या माणसाचे पद मात्र तो निवृत्त झाल्यावर रिकामे राहिले, तर ओरड करणारा कोणी नसतो. धान्याचे कोठार भरून ठेवावे आणि मापाड्याला घरी पाठवावे, असाच हा प्रकार आहे.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, प्रत्येक डॉक्टरच्या खिशात मोबाइल असताना ग्रंथपालाची मध्यस्थी हवी कशाला? मोबाइल उत्तर देतो हे खरे. परंतु तो जाहिरात आणि ज्ञान यांना एकाच पंक्तीला बसवितो. पैसे घेऊन वाटेल ते छापणाऱ्या लुटारू नियतकालिकांचा सुळसुळाट झाला आहे आणि त्यांची नावे प्रतिष्ठित नियतकालिकांशी मिळतीजुळती असतात. कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे तर कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या संशोधनाचे लेखक, वर्ष आणि पृष्ठांकही बिनदिक्कत सांगतात. माहितीचा दुष्काळ होता तेव्हा ग्रंथपाल उपयोगी होता. माहितीचा पूर आला आहे तेव्हा तो अपरिहार्य झाला आहे. ई-संजीवनीसारख्या योजनेतून तज्ज्ञांचा सल्ला दुरून मिळू शकतो, ही इष्टच गोष्ट आहे. पण तज्ज्ञालाही सल्ला देण्यापूर्वी कधी ना कधी ग्रंथ उघडावा लागतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जेथे डॉक्टर टिकत नाहीत, यंत्रे दुरुस्त होत नाहीत, औषधे वेळेवर पोहोचत नाहीत, तेथे संदर्भसेवेची चैन कशाला, असे विचारले जाईल. परंतु ही चैन नव्हे. उणीव असेल तेथे चुकीची तपासणी, निरुपयोगी औषध आणि नागपूरची अनावश्यक फेरी यांची किंमत अधिक असते; आणि ती रुग्णवाहिकेत बसलेल्या मजुराच्या कुटुंबाला मोजावी लागते. शिवाय या कामासाठी नवी इमारत नको, नवे संचालनालय नको. ग्रंथालये आहेत, ग्रंथपाल आहेत, दूरध्वनी आहेत. नाही ती केवळ जबाबदारीची वाटणी.

ती कशी करता येईल? प्रत्येक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला आपल्या परिसरातील ग्रामीण रुग्णालये व प्राथमिक आरोग्य केंद्रे नेमून द्यावीत. पारशिवनी, रामटेक, सावनेर यांसारख्या तालुक्यांचे प्रश्न कोणत्या ग्रंथालयाने घ्यावयाचे, हे आदेशात स्पष्ट असावे. तातडीच्या प्रश्नाचे उत्तर त्याच दिवशी आणि इतर प्रश्नांचे तीन दिवसांत द्यावे, असे बंधन असावे. ग्रंथपालाच्या टिपणावर संबंधित विभागातील एका शिक्षकाची नजर फिरावी. विचारलेले प्रश्न व दिलेली उत्तरे, रुग्णाचे नाव वगळून, जतन करावीत; वर्षभरात त्यांतून त्या जिल्ह्याच्या आरोग्याचे असे चित्र उभे राहील, जे कोणत्याही शासकीय तक्त्यात सापडणार नाही. साथीच्या हंगामापूर्वी दोन पानांचे टिपण डॉक्टर व परिचारिकांसाठी, आणि एक पानाचे सोप्या मराठीतील टिपण आशा कार्यकर्त्यांसाठी निघावे. ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’च्या पुढील टप्प्यात ग्रामीण रुग्णालयांचा समावेश करण्याची मागणी राज्य शासनाने केंद्राकडे लावून धरावी. आणि या सर्वांआधी वैद्यकीय ग्रंथालयांतील रिकामी पदे प्रशिक्षित माणसांनी भरावीत. त्यांना वर्षातून काही दिवस वॉर्डात आणि काही दिवस ग्रामीण रुग्णालयात पाठवावे. ज्याने प्रश्न विचारणाऱ्याची घाई पाहिली नाही, त्याला उत्तराची निकड कळत नाही.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे प्रणेते डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये आपल्या शास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. वाचकाचा वेळ वाचविणे हे ग्रंथपालाचे कर्तव्य ठरविणारा सिद्धांत त्यांपैकीच एक आहे. सामान्य वाचनालयात वाचकाचा वाचलेला वेळ ही सोय असते. रुग्णालयात तो वेळ रुग्णाचा असतो. महाराष्ट्राने १९६७ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला आणि गावोगावच्या वाचनालयांना शासकीय अनुदानाचा आधार दिला. वाचनसंस्कृतीचा अभिमान मिरविणाऱ्या या राज्याला रुग्णाच्या खाटेपर्यंत ग्रंथ पोहोचविणे अवघड नाही.

हा विषय डॉक्टरांचा आहे, इतरांचा नाही, असे समजून शिक्षकांनी, कर्मचाऱ्यांनी आणि विद्यार्थ्यांनी तो बाजूस सारू नये. आपल्या तालुक्यात डॉक्टर आहे काय, हे नागरिक विचारतात. औषध आहे काय, हेही विचारतात. त्या डॉक्टरला अडल्यावेळी विचारण्यास कोणी आहे काय, हा तिसरा प्रश्नही आता ग्रामसभेत, पंचायत समितीत आणि विधिमंडळात विचारला गेला पाहिजे. तो विचारला गेला नाही, तर नागपूरच्या ग्रंथालयांत नियतकालिकांची संख्या वाढत राहील आणि पारशिवनीचा रुग्ण ज्ञात उपायाअभावी मरत राहील. अज्ञात रोगाने मृत्यू येणे हे दुर्दैव असते. ज्ञात रोगाने, उत्तर चाळीस किलोमीटरवर असताना येणारा मृत्यू ही व्यवस्थेची नादारी आहे.